फीअर्टल ड्राय म्हणजे सव्वातीन नाही!

परवा इथे जर्मनीत डॉक्टरकडे तासभर उशिरा पोचले. माझ्या हिशेबाने पाच मिनिटं आधीच. फोनवरची बाई "फीअर्टल ड्राय" म्हणाली होती. फीअर्टल म्हणजे पाव, ड्राय म्हणजे तीन. झालं की सव्वातीन! मराठी डोक्याला दुसरं काय सुचणार? तीन वाजून दहा मिनिटांनी मी ऐटीत हजर. काउंटरवरच्या बाईने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, तुमची वेळ सव्वादोनची होती. कारण इथे श्टुटगार्टकडे फीअर्टल ड्राय म्हणजे तिसऱ्या तासातला पाव तास सरला. २:१५. हाल्ब ड्राय म्हणजे अडीच आणि ड्रायफीअर्टल ड्राय म्हणजे पावणेतीन. क्लासात सव्वादोनला "फीअर्टल नाख त्स्वाय" शिकवलं होतं. घाला ते पुस्तक चुलीत. नवीन अपॉइंटमेंट मिळाली पाच आठवड्यांनी, आणि ती वेळ तिने मला इंग्रजीत सांगितली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्याला सांगावं तशी.

तेव्हापासून डोकं फिरलंय.

सहा वर्षं झाली मला इथे. पुण्यातून जर्मनची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा करून आले होते. इथे आल्यावर दोन वर्षं संध्याकाळचे क्लास केले, ऑफिस सुटल्यावर, पोटात कावळे ओरडत असताना. ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे बाहेरून आलेल्या शिकलेल्या नोकरदारांना, कायमचं राहण्याचा परवाना ए-वनवर, म्हणजे अगदी पहिल्या पातळीवर, २७ महिन्यांनी मागता येतो, बी-वन असेल तर २१ महिन्यांनी. म्हणजे सरकारच्या लेखी मी पास. ब्रेडच्या दुकानात नापास!

आणि कृपा करून "जर्मन व्याकरण फार अवघड ना गं?" असं विचारू नका. मराठी माणसाला नाही अवघड. तीन लिंगं आपल्याकडे आहेतच. "वाइल" (कारण) म्हटलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, ते आपलं जन्मापासून तिथेच असतं. पंचवीसमध्ये आधी पाच, मग वीस, हेसुद्धा जर्मनात अगदी तस्संच. क्लासातले इंग्रजीवाले तिथे रडायचे, मी मजेत बसायचे. लिंगं जुळत नाहीत हा वैताग आहे, कबूल. चमचा "तो", पण काटा "ती" आणि सुरी "ते". चंद्र "तो", सूर्य "ती". घोकलं. सगळं घोकलं. पाढे घोकलेल्या पिढीतली आहे मी.

पण घोकलेलं बोलू तर द्या!

ब्रेडच्या दुकानात रांगेत उभी असताना मनात वाक्य जुळवते. विभक्तीसकट. माझा नंबर येतो, मी तोंड उघडते, "इश ह्येटं गेर्न..." (मला हवे होते...) आणि पुढच्या शब्दाला अर्धा सेकंद अडखळते. अर्धा! तेवढ्यात पलीकडून, "इंग्लिश इज ओके!" नाही ना ओके! मी तुझ्याकडे इंग्रजी मागितलं का? दोन पाव मागायला आले होते. आणि ते पाव तरी एका नावाचे असावेत की नाही? क्लासात "ब्र्यॉटशेन", इथे "वेकले". माझं ब्र्यॉटशेन ऐकलं की त्यांना लगेच कळतं, बाई बाहेरची.

बरं, इंग्रजीत बोलतात ते मदत म्हणून, असं मानून गिळलं असतं. पण तीच माणसं जेवणाच्या टेबलावर विचारतात, "सहा वर्षं झाली, अजून मीटिंग इंग्रजीत?" अरे, तुम्हीच माझ्या प्रत्येक जर्मन प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देता! मग हळूहळू टेबलावर जर्मन सुरू होतं, कोणीतरी विनोद करतं, सगळे हसतात, आणि मी तीन सेकंदांनी हसते. बॉलिवूडच्या जुन्या सिनेमातल्या डबिंगसारखी.

(आपण पुण्यात काय करतो? समोरचा मोडक्यातोडक्या मराठीत "किती झाला?" म्हणाला की आपण लगेच "पचास रुपया भैया". आणि मग रात्री घरी येऊन, "हे लोक मराठी शिकतच नाहीत." मी स्वतः हे शंभरदा केलंय. आता कळतंय समोरच्याला काय वाटत असेल ते.)

अख्ख्या इमारतीत माझ्याशी जर्मन बोलते ती एकटी खालच्या मजल्यावरची आजी. तिला इंग्रजी येत नाही. पण ती पुस्तकातलं जर्मनही बोलत नाही, श्वेबिश ही इथली बोली बोलते! गेल्या महिन्यात आमची केरवोखं होती, म्हणजे जिना झाडण्या-पुसण्याची पाळी. आजी शिडी घेऊन दिवा बदलायला आली, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि मला म्हणाली, "हेब आमोल." पुस्तकात "हेबन" म्हणजे उचलणे. मी आज्ञाधारकपणे शिडी उचलायला लागले. आजी किंचाळली. श्वेबिशमध्ये "हेब" म्हणजे धर! नशीब, दुसरा पाय अजून जमिनीवर होता. नंतर तिने मला बसवून समजावलं की इकडे "फूस" म्हणजे नुसतं पाऊल नाही, अख्खा पाय. डॉक्टरकडे उपयोगी पडेल म्हणाली. पडलं असतं, वेळेवर पोचले असते तर.

आणि वरून सांगलीहून मावशीचा फोन. "आता तर फाडफाड बोलत असशील!" हो मावशी. फाडफाड. माझी चार वर्षांची लेक बोलते फाडफाड, आणि मी बोलले की मध्येच, "आई, डी नाही गं, डेर!" म्हणजे "ती" नाही, "तो"!

उद्या सकाळी हीटिंगवाल्याला फोन करायचाय. फोनवर हातवारेही करता येत नाहीत. वाक्यं कागदावर लिहून ठेवलीत, तुटून शेवटी जाणाऱ्या क्रियापदांची शेपटं लाल पेनाने. वेळ विचारताना आकडे तोडून विचारणार, चौदा वाजून पंधरा, फीअर्टल-बिर्टल काही नाही. आणि तो जर "ट्यूसडे ओके?" म्हणाला ना, तर सरळ फोन आपटणार.

म्हणजे, नाही आपटणार. घरात सोळा डिग्री आहे.