सत्त्याऐंशीव्या मिनिटाला उठावे

तुमचा संघ अंतिम सामना हरला, असे लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात. तुम्ही ते मान्य करायचे नाही, एवढेच आज शिकायचे आहे. एकदा का मान्य केले, की रात्री झोप लागते, सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू येतो, दुपारी माशांचे हुमण गोड लागते आणि चार दिवसांत माणूस इतर माणसांसारखा होऊन बसतो. गोव्याच्या फुटबॉलवेड्याला हे शोभते का? सरकारने २०१२ साली फुटबॉल हा राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला, तो काय चार दिवसांत विसरायला?

यावरचा सगळ्यांत खात्रीचा उपाय आमच्या फोंड्याच्या काकांचा. तारीख २० डिसेंबर २०१५, मडगावातले फातोर्ड्याचे मैदान, इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, अंतिम सामना, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल मारला, आपण २-१ ने पुढे. सगळे मैदान नाचत होते आणि काका चपला शोधत होते. "जिंकलो. आता गर्दी सुटायच्या आत बस धरायची," म्हणाले आणि निघाले. ९०व्या मिनिटाला चेंडू आपला गोलरक्षक कट्टीमनीच्या हाताला लागून आपल्याच जाळ्यात गेला, भरपाई वेळेत चेन्नईच्या मेंडोझाने तिसरा मारला, सामना ३-२ ने चेन्नईचा. काका तोवर बसच्या खिडकीला डोके टेकून झोपले होते. बोरीचा पूल त्यांनी विजेता म्हणून ओलांडला. घरी काकूने दार उघडले. तिने सगळे टीव्हीवर पाहिले होते.

"हरले ना?"

"मी तिथे होतो. तू होतीस?"

या युक्तिवादाला काकूकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

पण सगळ्यांना काकांचा संयम कुठला? तुम्ही शेवटपर्यंत बसलात, ही तुमची चूक. आता निस्तरा. आधी अपराधी शोधा. तो मैदानावरचा नको. कट्टीमनीला धरून चालणार नाही, त्याने त्याच सामन्यात पेनल्टी अडवली होती आणि तो पडला आपला गोयंकार. पंच चालेल. डिसेंबरातले दव चालेल. सर्वांत उत्तम म्हणजे घरातला माणूस: २-१ झाल्यावर पाणी प्यायला उठलेला पुतण्या. तो उठला नसता तर चेंडू बाहेर गेला असता, हे त्याला दर चतुर्थीला, सगळे घर गणपतीवरच्या माटोळीखाली जमलेले असताना, नेवऱ्या खाता खाता सांगायचे. त्यातूनही कोणी विचारलेच, तर देवाला गाऱ्हाणे घातले होते का, मागची आंगवण, म्हणजे नवस, फेडली होती का, हे प्रश्न राखीव ठेवावेत. फुटबॉलच्या डावपेचांवर चर्चा नेऊ नये. तिथे आपण उघडे पडतो.

मग आकड्यांकडे वळा. त्या वर्षी आपला प्रशिक्षक होता झिको, आणि १९८२च्या विश्वचषकात झिकोचा ब्राझील इटलीकडून हरला होता तो कितीने? ३-२ नेच. आता सांगा, यात आपला बचाव कुठे कमी पडला? हा तर बिचाऱ्या झिकोचा ग्रह. तो २०१६ नंतर गेला, पण ग्रह बहुधा मडगावातच भाड्याने राहतो. २०२४ची उपांत्य फेरी, फातोर्डा, मुंबई सिटीविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत आपण २-० ने पुढे. तिथून सहा-सात मिनिटांत तीन गोल. किती झाले, मोजा.

जे ज्योतिष मानत नाहीत त्यांनी भूगोल धरावा. आयएसएलचे पाच अंतिम सामने फातोर्ड्याला झाले: २०१५, २०२०, २०२१, २०२२, २०२३. पाच वेळा मांडव आपल्या दारात. नवरा मुलगा आपल्या घरातला एकदाच, आणि त्या दिवशी वरमाला घालून घेतली पाहुण्याने. बाकीच्या वेळी आपण फक्त जागा दिली, त्यातही दोनदा करोनामुळे आत जाऊन टाळ्या वाजवायचीही सोय नव्हती. घर आपले आणि जेवण दुसऱ्याचे. एवढा सोशिक यजमान कोकणपट्टीत दुसरा सापडणार नाही, हे अभिमानाने सांगता येते. बाहेरगावी जाऊन बघितले तर २०१९ला मुंबईत बंगळुरूच्या राहुल भेकेने ११७व्या मिनिटाला डोक्याने गोल मारला. म्हणजे दोष मैदानाचाही नाही. हा मुद्दा मात्र कोणाजवळ बोलू नका, आपली बाजू कमकुवत होते.

राग धरायचा असेल तर जपून धरा, कारण माणसे पुढे नात्यात येतात. मार्च २०१७, बांबोळी, राज्याराज्यांच्या संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना. जादा वेळेतले ११९वे मिनिट, आता पेनल्टी मारायच्या म्हणून लोक नखे खायला बसलेले, आणि बंगालच्या मनवीर सिंगने गोल केला. गोवा हरला. त्याला आपण रीतसर शिव्या घातल्या. काही महिन्यांत तोच मनवीर एफसी गोव्याच्या नारिंगी शर्टात. झाले ना जावई? आता बोला.

दुःखाला एक जोडधंदाही असू द्यावा. गोव्यात अर्धी घरे ब्राझीलची, अर्धी पोर्तुगालची. एक हरला तर दुसऱ्यावर भागते. कळंगुटला रोनाल्डोचा ४१० किलोचा पुतळा २०२१च्या डिसेंबरात उभा राहिला, तेव्हा आपल्या खेळाडूचा का नाही म्हणून काळे बावटे निघाले होते. प्रश्न रास्त होता. भारताचे माजी गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव पुतळ्याखाली शोभले असते. पण हरल्यावर धातूचा माणूस बरा पडतो, तो उलट काही विचारत नाही.

आता एक सावधगिरीची सूचना. कपाटाकडे बघू नका. तिथे २०१९चा सुपर कप आहे, २०२१चा ड्युरँड आहे, २०२५चा पुन्हा सुपर कप आहे, आणि २०२०ला साखळी फेरीत पहिले आल्याची शील्ड आहे, जिच्यामुळे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब आपला ठरला. हे सगळे दिसले तर शोक करणे फार अवघड जाते. कपाटावर पडदा सोडावा, आणि पातळभाजी-पाव खाताना शेजारच्याने विषय काढलाच तर, "ते सोड रे, आयएसएल कुठे जिंकली?" असे आपल्याच संघाविरुद्ध त्वेषाने म्हणावे. प्रतिस्पर्धी संघाचा माणूसही इतक्या मनापासून म्हणत नाही.

काका या भानगडीत पडत नाहीत. २०२४च्या त्या मुंबईच्या सामन्यालाही ते नव्वदीच्या आधीच उठले. तो त्यांनी २-० ने जिंकला आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये उपांत्य फेरीत बंगळुरूविरुद्ध पहिल्या सामन्यातली दोन गोलांची पिछाडी आपण फातोर्ड्याला भरून काढली, दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली, आणि काकांनी पिशवी उचलली. मागे भरपाई वेळेत बंगळुरूच्या छेत्रीने काय केले, ते काकूने दारातच सांगायला तोंड उघडले होते.

"थांब," काका म्हणाले. "अजून जादा वेळ व्हायचाय."

तो अजून व्हायचाच आहे. काका त्याच्या तिकिटाची चौकशी करत असतात.