कौलं बदलू, पण फॉर्मात काय लिहायचं?

मंगाईची यात्रा होऊन चार दिवस झाले होते. बेळगावच्या वडगावात पाऊस धरून होता आणि आमचा कट्टा भरला होता. कट्टा म्हणजे माझ्या झेरॉक्सच्या दुकानाची पायरी आणि शेजारच्या बंद पडलेल्या मागाच्या शेडची ओसरी. भरला म्हणजे चौघं. एक मी. दुसरे मास्तर, खानापूरच्या जंगलभागात प्राथमिक शाळांवर हयात घालवून रिटायर झालेले. तिसरा कॉन्ट्रॅक्टर, चौथा वकील. नावं घालत नाही, घातली तर उद्या पायरीवर माझ्याच दुकानात मला बसू द्यायचे नाहीत.

वाद पेटला तो आमच्या जुन्या शाळेच्या ग्रुपवरच्या मेसेजनं. कर्नाटक सरकारची मराठी शाळा, पहिली ते पाचवी. एका खोलीचं छप्पर गळतंय, माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दोन हजार द्यावेत.

"मी एक रुपया देणार नाही," वकील म्हणाला. "टॅक्स भरतो न्हवं मी? शाळा सरकारची, छप्पर सरकारचं. आपण पट्टी काढून कौलं घालायची आणि त्यांनी दर डिसेंबरात हलग्याला सुवर्णसौधात येऊन अधिवेशन भरवायचं!"

"यात्रेला पाच हजाराची पावती फाडलीस की गा," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला.

"देवीचं वेगळं."

"व्हय, देवी गळत नाही."

हसलो सगळे, पण मला ती खोली दिसत होती. गेल्याच गुरुवारी हेडबाईंचे कागद द्यायला गेलो होतो. पहिली, दुसरी, तिसरी एकाच खोलीत. मधोमध निळी प्लास्टिकची बादली, आणि पोरं तिला वळसा घालून बसलेली. बादली ओतायची पाळी लावून दिलेली आहे, त्या दिवशी ज्याची पाळी होती तो तर भलताच खुशीत होता. भिंतीला खाली, बसल्या जागी हात पोचेल असा, पोरांसाठी काळा पट्टा रंगवलाय. ओल वीतभर वर चढलेली. एक पोरगी त्यावर 'ळ' काढत होती. पहिला गोल उमटला, दुसरा ओलीवर नुसताच घसरला. तिनं फ्रॉकनं भिंत पुसली, परत काढला, परत तेच. मग पावसाची सर कौलांवर आपटायला लागली तशी बाईंनी बोलणं थांबवलं आणि सगळं खुणांनी सुरू केलं. सरावाचं दिसलं मला ते.

"सरकार काही करत नाही असं नाही," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. "पुस्तकं फुकट, युनिफॉर्म फुकट, 2013 पासनं दूध देतात. लाइट-पाण्याचं बिलसुद्धा आता शाळेला भरावं लागत नाही. आणि अंडं! आठवड्याला सहा अंडी ठरली, त्यातल्या चार दिवसांचा खर्च अझीम प्रेमजी फाउंडेशन करतं. खुद्द सरकार देणगी घेतंय, मग आपल्या दोन हजाराला काय काटे आहेत?"

"तेच तर म्हणतोय मी! आज अंडं देणगीवर, उद्या छप्पर, परवा मास्तर. मग सरकारचं काय राहिलं? बोर्ड?"

मास्तर इतका वेळ चहा फुंकत होते. "मास्तर तर आजच निम्मा भाड्याचा आहे," ते म्हणाले. "त्या शाळेत कायम शिक्षक एकच, त्या हेडबाई. दुसरी गेस्ट टीचर. दहा-बारा हजाराचं मानधन, तेही दर महिन्याला येईल तर शपथ. शाळा सुरू झाल्यावर नेमणार आणि वर्ष संपलं की घरी पाठवणार."

ही गेस्ट टीचर माझी गिऱ्हाईक. दर शनिवारी पोरांसाठी गणिताचे कागद झेरॉक्स करून नेते, पैसे स्वतःच्या पर्समधले. मी दोन-चार पानं मोजायला विसरतो, पण त्यानं काय होतंय.

"पण मास्तर, एक्केचाळीस पोरांना दोन शिक्षक म्हणजे वाईट नाही," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला.

"कायद्यानं अगदी बरोबर. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, पहिली ते पाचवीत साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक. पण कायदा पोरं मोजतो, वर्ग मोजत नाही. पोरं एक्केचाळीस असली तरी वर्ग पाचच राहतात ना? पाच वर्गांचं गणित, पाच वर्गांची भाषा, आणि माणसं दोन. त्यातली एक मीटिंगला गेली की एक. 2025 च्या सप्टेंबरात सरकारचं जातनिहाय सर्वेक्षण लागलं तेव्हा कायमचे शिक्षक घरोघरी गणतीला, आणि दसऱ्याची सुट्टी वाढत वाढत 18 ऑक्टोबरला गेली."

"त्यासाठीच नली-कली आहे की," मी म्हटलं. तीन वर्ग एकत्र बसवून कार्डांवर शिकवतात, ते मला कौतुकाचं वाटायचं.

मास्तरांनी कप खाली ठेवला. "नली-कली चांगली आहे. मी शिकवलीय, मला आवडायची. मैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटेत 1995 च्या सुमाराला शिक्षकांनीच उभी केली. पोरगं आपल्या पायरीनं वर चढतं, कुणी नापास नाही, कुणी मागं नाही. पण कार्डं लागतात, पुरती लागतात. प्रत्येक गटाला जागा लागते. आणि शिक्षकाला गटागटात जाऊन बसायला उसंत लागते. ती उसंत काढून घेतली, खोली गळकी दिली, कार्डांचे कोपरे झिजून अक्षरं गेली, आणि वर म्हणायचं की आमच्याकडं बहुवर्ग अध्यापन आहे! अरे, पद्धत होती ती. तुम्ही तिचं पांघरूण केलंत."

वकिलाला नेमका धागा मिळाला. "मराठी शाळा म्हणून हे चाललंय. कन्नड शाळा असती तर..."

"थांब," मास्तर म्हणाले. "माझ्या शाळेपासनं तीन किलोमीटरवर कन्नड शाळा होती. तिथंही बादलीच होती, फक्त पितळेची. परिपत्रक कन्नडमध्ये येतं, मराठी गेस्ट टीचर लवकर मिळत नाही, हे आपलं वेगळं दुखणं. ते मांड, मी येतो तुझ्याबरोबर. पण कौल भाषा बघून फुटत नाही."

वकील गप्प बसला. सीमाभागात असं बोलायला जरा जिगर लागते, आणि मास्तरांचं वय झालंय म्हणून चालून गेलं. माझ्या तोंडून निघालं असतं तर तो आठवडाभर दुकानाकडं फिरकला नसता.

मग कॉन्ट्रॅक्टरनं खिशातनं कागद काढला. गडी स्वतः शिडी लावून छपरावर जाऊन आला होता. वासे चार बदलायचे, रीपा सगळ्या गेल्या, कौलं निम्मी. मजुरी न धरता नव्वद हजार.

"आणि शाळेला वर्षाला किती येतात?"

"समग्र शिक्षा योजनेतनं पंचवीस हजार," मास्तर म्हणाले. "त्यातले दहा टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात खडू, रजिस्टर, फिनेल, तोटी, कुलूप. आता नीट ऐका. हे पंचवीस हजार एकतीस ते शंभर पोरांना. पोरं तीस झाली की दहा हजार."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून अकरा पोरं गेली की पंधरा हजार गेले. छप्पर मात्र तेवढंच. बादली बघून पालक पोरगं काढतो, पोरगं गेलं की पैसे जातात, पैसे गेले की दुसरी बादली येते."

माझं लक्ष कॉन्ट्रॅक्टरकडं गेलं. त्याची दोन नातवंडं पिवळ्या व्हॅननं इंग्लिश मीडियमला जातात. त्याच्याही ध्यानात आलं. "माझ्याकडं काय बघूलास?" तो म्हणाला. "सुनेला सांगून बघ तूच. शाळेत आधी छप्पर घाला म्हणते ती, मग पोरं घालते. चुकतंय काय तिचं?"

कुणीच चुकतंय म्हटलं नाही. माझी लेकसुद्धा त्या शाळेत गेलेली नाही, हे इथं लिहून ठेवतो.

कौलं घालायची यावर मग तिघांचं जमलं. वकील एकटा अडून बसला, पण त्यानं जो मुद्दा काढला तो मला अजून सुटलेला नाही. त्यानं मला विचारलं, "हेडबाई तुझ्याकडं तो शाळेच्या माहितीचा मोठा सरकारी फॉर्म झेरॉक्स करतात न्हवं, युडायसचा? त्यात खोल्यांचं काय असतं?"

असतं. किती खोल्या चांगल्या, किती किरकोळ दुरुस्तीच्या, किती मोठ्या दुरुस्तीच्या. आमची खोली शेवटच्या रकान्यात आहे, मी स्वतः ते पान काढलंय.

"आपण नव्वद हजार घालून छप्पर केलं की पुढच्या वर्षी हेडबाई ती खोली कुठल्या रकान्यात लिहिणार? चांगल्या. मग वरनं पैसे मागायला तोंड राहिलं? आपल्याच पैशानं आपला अर्ज फाडायचा की गा हे."

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, दुरुस्तीचीच लिहू दे अजून एक-दोन वर्षं, बघायला कोण येतंय. मास्तर एकदम ताठ झाले. "बाईंना खोटं लिहायला लावायचं नाही. सही त्यांची असते."

"मग त्या पोरींनी ओल्या भिंतीवर लिहायचं?"

"तसंही म्हणत नाही मी."

बराच वेळ नुसता पाऊस. शेवटी ठरलं ते असं: वकिलानं फुकटात अर्ज लिहायचा, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीच्या सहीनं, बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याच्या ऑफिसला. छप्पर लोकवर्गणीनं केलं, खर्च इतका, बिलं सोबत, आणि हा खर्च खात्याचा होता. पोच घ्यायची. कन्नडमध्ये लिहायचा, म्हणजे परत येणार नाही. वकील कुरकुरला, पण अर्जाचं म्हटल्यावर त्याचा हात शिवशिवायला लागला होता. दोन हजार मात्र देणार नाही म्हणाला. अर्जाची फी समजा.

मास्तर छत्री उघडून निघाले, पायरीवर थांबले. "कौलं किती सांगितलीस?"

"तीनशे."

"साडेतीनशे आण. व्हरांड्याचीही जाणार आहेत."