वाटीची तार आणि आपला सूर : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

गुडघ्याची मोडलेली वाटी तारेने बांधल्यावर माझा पाय ६ आठवडे सरळ ठेवला, या माझ्या शस्त्रक्रियेवरील लेखाखाली आपण लिहिलेत : "तार बसवल्यावर गुडघा लवकर हलवायचा असतो, ६ आठवडे सरळ ठेवायचा नसतो. ज्यातले कळत नाही त्यात मास्तरांनी पडू नये." मतभेदाचे वाईट वाटले नाही; 'मास्तर' हा शब्द ज्या सुरात आला, त्याचे वाटले. अंबाजोगाईत ३१ वर्षे विज्ञान शिकवताना सातवीच्या पोरालाही मी असे झिडकारलेले नाही.

एक चूक कबूल. वाटीखालच्या पट्ट्याला कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) म्हणायचे तेथे एकदा 'लिगामेंट' (हाडाला हाड जोडणारा पट्टा) लिहिले होते, ते दुरुस्त केले. (वाटी आणि नडगी ही दोन हाडे जोडणाऱ्या या पट्ट्याला शरीरशास्त्राची पुस्तकेही लिगामेंट म्हणतात, हे आपल्याला ठाऊक असेलच.)

आता तारेविषयी. नुसती वाटी आडवी मोडली असेल, तर आपले म्हणणे बरोबर आहे. दोन पिनांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तार आवळली की, गुडघा वाकताना येणारा ताणच तुकड्यांना एकमेकांवर दाबतो. पण माझी वाटी मोडली होती आणि तिच्याखालची कंडराही नडगीवरून उखडली होती. हे दोन्ही एकदम क्वचितच होते. अशा वेळी वाकवण्याचा तोच ताण नडगीत भोके पाडून ओवलेल्या टाक्यांवर येतो. ते सांभाळण्यासाठी वाटीपासून नडगीपर्यंत वेगळी तार घातली, तरीही लातूरच्या सर्जननी ब्रेस (गुडघ्याला बांधायचा आधार) सरळच ठेवला. कोणी थोडे आधी वाकवू देतही असतील. माझ्या पायाचा निर्णय ज्यांनी तो उघडून पाहिला त्यांनी घेतला, आपण नव्हे.

भादव्यात विहिरीच्या ओल्या पायरीवरून पडलो, तेव्हा पहिल्या दवाखान्यात एक्स-रेमध्ये मोडलेली वाटी दिसली आणि तपास तेथेच थांबला. मला पाय सरळ उचलता येत नव्हता. पण वाटी मोडल्यावरही तो उचलता येत नाही, त्यामुळे कंडरेचा संशय कोणाला आला नाही. नवव्या दिवशी लातूरला सर्जननी माझेच बोट धरून वाटीखाली टेकवले. जेथे दोरीसारखे टणक लागायला हवे, तेथे ते मळलेल्या कणकेत रुतावे तसे आत गेले. तोवर मांडीच्या स्नायूने वाटी वर ओढून नेली होती, आणि ती खाली आणण्यातच शस्त्रक्रियेचा बराच वेळ गेला.

खर्च आणि लेखाची लांबी याविषयीच्या आपल्या तक्रारींना उत्तर देत नाही. दोन्ही तारा दिसणारा एक्स-रे लेखाच्या तळाशी आहे. तेथपर्यंत आपण पोहोचला नसावात.