हवालदाराला आधी झोपू द्या

एखाद्या पोलिसानं जीव दिल्याची बातमी आली की आपल्याकडे ठरलेली चर्चा सुरू होते. योगशिबिर भरतं, ताणमुक्तीवर व्याख्यान होतं, पोलिसानं मन खंबीर ठेवावं असा उपदेश होतो. इथे इंग्लंडमधल्या लीड्समध्ये बसून हे वाचताना मला दर वेळी राग येतो. चौदा तास राबलेल्या माणसाला आणखी दोन तास व्याख्यानाला बसवायचं, यात त्याचं कसलं कल्याण?

चौदा तास मी वाढवून सांगत नाही. ‘कॉमन कॉज’ ही स्वयंसेवी संस्था आणि लोकनीती-सीएसडीएस ही संशोधन संस्था यांच्या २०१९ च्या अहवालात देशातल्या पोलिसांचं दिवसाचं सरासरी काम तेवढंच निघालं. जवळपास निम्म्यांना साप्ताहिक सुट्टीही मिळत नव्हती.

माझा मावसभाऊ हवालदार आहे. एका अपघातात त्यानं लहान मुलांची प्रेतं उचलली, पंचनामा केला, रात्र शवागाराबाहेर काढली आणि सकाळी तो मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला उभा राहिला. नंतर कित्येक रात्री त्याला झोप नव्हती. “ताई, साहेबांना काय सांगू? उद्या बढतीच्या वेळी हेच काढतील,” असं तो फोनवर म्हणाला. समुपदेशक असेलही जिल्ह्यात, पण तिथवर जायचा रस्ता साहेबांच्या टेबलावरून जातो.

इंग्लंडमध्ये अनेक पोलीस दलांत ‘ट्रिम’ नावाची पद्धत आहे, मूळची रॉयल मरीन्समधली. भीषण प्रसंग घडला की प्रशिक्षण घेतलेला सहकारी स्वतःहून येऊन भेटतो. तीन दिवसांनी एकदा बोलतो, महिन्याभरानं पुन्हा. पोलिसाला तोंड उघडून मदत मागावी लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. मानसिक कारणांनी रजेवर जाणारे पोलीस इथेही पुष्कळ आहेत. पण त्यांच्या वतीनं बोलायला पोलीस फेडरेशन आहे, १९१९ च्या कायद्यानं स्थापन झालेलं. पोलिसांना संपाचा हक्क नाही, तरी कामाचे तास आणि रजा यांवर हे फेडरेशन सरकारला जाब विचारतं. आपल्याकडे १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांचा उद्रेक झाला, तेव्हापासून पोलिसांची संघटना म्हटलं की सरकार बिचकतं.

आपल्याला जमत नाही, हे मात्र मी मानत नाही. २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर मुंबईचे पोलीस आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली. तिचा आराखडा एका शिपायानंच मांडला होता! पुढे ती शहरभर नेण्यात आली. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम २८ आजही पोलिसाला सदैव कामावर असलेला मानतं. सण, सभा, दौरा आला की त्याच्या आधारे सुट्टी रद्द होते.

पुढच्या अधिवेशनात एखाद्या आमदारानं हा विषय काढला, तर शिबिरं किती झाली हे विचारू नये. आठ तासांची ड्युटी आज किती ठाण्यांत खरोखर चालते आणि गेल्या वर्षी किती साप्ताहिक सुट्ट्या रद्द झाल्या, याचा ठाणेनिहाय तक्ता मागावा.