काढलं म्हणा ना सरळ!

आज सकाळी साडेदहाला भाचीचा फोन. या वेळेला ती कधीच फोन करत नाही, तिची कसली तरी मीटिंग असते. "मावशी, एक मेल पाठवलाय, वाच," एवढंच म्हणाली आणि ठेवला. तीन परिच्छेद होते. पहिल्यात कंपनीच्या वाटचालीचं कौतुक. दुसऱ्यात बाजार कसा बदलतोय त्याचं प्रवचन. तिसऱ्यात एकदाची मुद्द्याची गोष्ट: 'युवर पोझिशन हॅज बीन एलिमिनेटेड', म्हणून 'वी हॅव टु लेट यू गो'.

लेट यू गो! म्हणजे आमची पोरगी दाराशी उभी राहून "जाऊ द्या ना, जाऊ द्या ना" असा हट्ट करत होती आणि यांनी मोठ्या मनानं जाऊ दिलं.

सव्वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलंय मी. या भाषेवर माझं प्रेम आहे, पोटही तिनंच भरलं. पण आज तो मेल वाचला आणि डोकं फिरलं. त्या अख्ख्या मेलमध्ये काढणारा माणूस कुठेच नाही. पोझिशन आपोआप एलिमिनेट झाली, जसं गॅसवरचं पाणी आटून जातं.

आमच्या अण्णांना १९८७ साली सातपूरच्या एका कारखान्यातून काढलं. फर्स्ट शिफ्टला सातला गेलेला माणूस साडेअकराला घरात. हातातला डबा त्यांनी ओट्यावर ठेवला. रिकामा डबा ठेवला की झाकणं खळखळतात. त्या दिवशी नुसतं 'ठक' झालं. आई वळून बघते तर म्हणाले, "काढलं मला. पान वाढ." बस. चार शब्द. मी तेव्हा नववीत होते, अभ्यास करत बसले होते, आणि मला सगळं कळलं. माझ्या भाचीला तिचा मेल तीनदा वाचावा लागला.

आता 'एलिमिनेट'चं बघा. लॅटिनमध्ये 'लिमेन' म्हणजे उंबरठा. एलिमिनेट करणं म्हणजे उंबऱ्याबाहेर घालवणं. इतकं स्वच्छ, डोळ्यांसमोर उभं राहणारं चित्र होतं त्या शब्दात, पण लॅटिनचा कोट चढवला की उंबरा दिसत नाही आणि ढकलणारा हातही दिसत नाही. माझं तर मत झालंय की इंग्रजीत काढून घेण्याच्या क्रियापदांचा सगळा इतिहास हाच आहे. साधा शब्द चोराच्या गळ्यात बांधायचा आणि स्वतःसाठी बाहेरून एखादा भारी शब्द मागवायचा.

खोटं वाटतं? जुन्या इंग्रजीत 'घेणे'साठी 'निमन' असं क्रियापद होतं, जर्मनच्या 'नेहमेन'चं सख्खं भावंड. 'टेक' तेव्हा नव्हताच. तो आला उत्तरेकडून, व्हायकिंगांच्या बोटीतून. ७९३ साली लिंडिसफार्नचा मठ लुटला तेव्हापासून ही मंडळी येतच राहिली, पुढे तिथंच शेती करून राहिली, आणि त्यांचा 'टाका' इंग्रजीच्या तोंडात बसला. घ्यायला आले आणि 'घेणे' हा शब्दच देऊन गेले, हे मला वर्गात सांगायला फार आवडायचं. पोरं हसायची. मग 'निमन'चं काय झालं? तो 'निम' होऊन गल्लीबोळात गेला, अर्थ उरला भुरटी चोरी. शेक्सपिअरच्या 'हेन्‍री द फिफ्थ'मध्ये निम नावाचा एक शिपाई आहे, शेवटी फासावर जातो. काय करत होता विचारा. चोऱ्या.

मग १०६६ नंतर फ्रान्समधून नॉर्मन आले आणि कोर्टकचेरीचे शब्द फ्रेंच झाले. 'रिमूव्ह', 'डिप्राइव्ह', 'सीझ'. पुढे पंडितांनी लॅटिनमधून 'कॉन्फिस्केट' आणला. त्यातला 'फिस्कस' म्हणजे मुळात टोपली, पैसे ठेवायची. राजाच्या टोपलीत गेलं की जप्ती, चोराच्या टोपलीत गेलं की चोरी! 'प्लंडर' तर जर्मनीतल्या तीस वर्षांच्या युद्धातून आला, १६१८ ते १६४८. मूळ अर्थ घरातलं सटरफटर सामान, अंथरुणं, चिंध्या. सैनिक लोकांच्या गोधड्यासुद्धा सोडत नव्हते, हे त्या शब्दातच लिहून ठेवलंय.

आणि आमचा 'लूट'. तो गेला हिंदुस्थानातून, अठराव्या शतकाच्या अखेरीस. पण गंमत ऐका. कंपनी सरकारनं १८१७-१८ मध्ये पेशवाई बुडवली, खजिने हाती लागले, त्याला ते स्वतः काय म्हणत होते? 'डेक्कन प्राइज'. हे प्राइज म्हणजे बक्षिसाचं नव्हे, फ्रेंच 'प्रीज'पासूनचं, म्हणजे पकडलेलं, घेतलेलं. कोणत्या पलटणीला किती वाटा यावरून वर्षानुवर्षं भांडत बसले. आमच्या नाशिकचा हिरा त्यातच गेला, आणि १८३७ साली लंडनमध्ये त्याचा लिलाव झाला. लूट आमच्याकडून शिकले, पण स्वतःच्या कामाला मात्र प्राइज!

(हो, माहीत आहे, सुरत आपणच लुटली, दोनदा. आणि बंगालात बर्गी, म्हणजे आपलेच मराठे स्वार, म्हटलं की काय आठवतं तेही माहीत आहे. कमेंटमध्ये सांगायला येऊ नका.)

कुठून कुठे गेले मी. असो, मुद्दा भाचीचा आहे.

नोकरीवरून काढण्याचे शब्द तर वेगळीच जत्रा. 'सॅक' म्हणजे कारागिराच्या हातात त्याची हत्यारांची पिशवी द्यायची, तू सुटलास, अशी व्युत्पत्ती सांगतात. निदान पिशवी तरी दिसते! 'फायर' हा अमेरिकेतला कोटीबाजपणा, 'डिस्चार्ज' म्हणजे गोळी सोडणंही आणि माणसाला सोडणंही. क्रूर आहे, पण सरळ आहे. मग आला 'ले-ऑफ'. आता हा शब्द तर आमच्या घरात लहानपणापासून होता. कामगाराच्या पोरांना कायद्याचं इंग्रजी लवकर येतं. आपल्या १९४७च्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ म्हणजे कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन बंद, म्हणून तात्पुरतं काम नाही. मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे ५० टक्के मिळायचे आणि माणूस परत जायचा. कायमचं काढलं तर त्याला कायद्यात वेगळा शब्द, 'रिट्रेंचमेंट', नोटीस वेगळी, भरपाई वेगळी. अण्णा ले-ऑफवर दोनदा घरी बसले होते, तेव्हा डबा सकाळी भरलाच नव्हता. तिसऱ्या वेळी भरलेला डबा परत आला. आता सगळ्यालाच 'लेऑफ' म्हणतात, म्हणजे परत बोलावतील अशी खोटी आशा त्या शब्दात तशीच लटकत राहते.

बरं, आपली मराठी काही धुतल्या तांदळाची नाही, हे कबूल. 'कामावरून कमी केलं' म्हणतोच की आपण, जसं आमटीतलं मीठ. आणि 'नारळ दिला' हे तर नॉर्मन लोकांनाही सुचलं नसतं.

पण 'काढलं' आहे ना आपल्याकडे. केवढं मोठं क्रियापद आहे ते! रांगोळी काढतो, दूध काढतो, कर्ज काढतो, दृष्ट काढतो. त्या दिवशी आईनं तोच डबा उघडून ताटात मेथी आणि दोन भाकऱ्या वाढल्या आणि म्हणाली, "काढू दिवस." त्यांनी काढलं, हिनं दिवस काढले. क्रियापद तेच. मी हे इंग्रजीत कुणाला समजावून सांगू शकणार नाही, सव्वीस वर्षांनंतरही.

दुपारी राग जरा उतरला तेव्हा दुसरंच आठवत बसले. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले, तेव्हा याच भाचीला याच कंपनीनं तीन दिवस रजा दिली होती. फॉर्मवर लिहिलं होतं 'बिरीव्हमेंट लीव्ह'. तेराव्याला मागच्या अंगणात ताटं विसळता विसळता तिनं विचारलं, "मावशी, बिरीव्ह म्हणजे नक्की काय गं?" मी सांगितलं, जुन्या इंग्रजीत 'बेरेआफियन', म्हणजे लुटणं, लुबाडून नेणं. 'रॉब' त्याच घराण्यातला, आणि 'रोब' म्हणजे झगासुद्धा, कारण तो आधी शत्रूच्या अंगावरून उतरवलेला कपडा होता. ती हातातलं ताट तसंच धरून म्हणाली, "म्हणजे आपल्याला लुटलंय." हो गं बाई. तेवढी एक जागा उरलीय, जिथे इंग्रजी अजून दरोड्याला दरोडा म्हणते. तिथे समोर यम असतो, एचआर नसतो, म्हणून असेल.

संध्याकाळी परत फोन केला. रडशील का, जेवलीस का, हे सगळं विचारून झालं. म्हणाली, "काहीच होत नाहीये गं. रडूपण येत नाहीये. नंब झालेय नुसती."

आता मी मास्तरीण. दुःखाच्या वेळीसुद्धा शब्द सुटत नाही. मघाशी तो 'निम' सांगितला ना, मेलेला, चोरांच्या तोंडी गेलेला? त्याचंच भूतकाळवाचक रूप म्हणजे हे 'नंब'. मूळ अर्थ 'घेतलेला', 'हिरावलेला'. त्यातला 'ब' नंतर कुणीतरी उगाच चिकटवलाय. कंपनीच्या तीन परिच्छेदांत जे कुठेच नव्हतं ते पोरगी नकळत एका शब्दात बोलून गेली. तिला सांगावंसं वाटलं, पण नाही सांगितलं. "काढलं गं तुला. जेवून घे," एवढंच म्हणाले. मग मात्र रडली. बराच वेळ.

उद्या तिच्याकडे कुरिअरवाला येणार आहे. लॅपटॉप, चार्जर, आयकार्ड. तिनं मला विचारलं की आयकार्डाची दोरी पण द्यायची का. मेलमध्ये या सगळ्याला 'रिट्रीव्ह' लिहिलंय. हा शब्द इंग्रजीत आधी शिकारी कुत्र्यांसाठी होता, पडलेलं सावज शोधून आणण्याचा. तिला म्हटलं, दोरीही देऊन टाक. आणि त्या कुरिअरवाल्याला पाणी विचार, त्याचा काही दोष नाही.