पाच वर्षे झाली की गिझर बदलायचाच? एका फिरत्या मजकुराला उत्तर

थंडी सुरू झाली की गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: गिझरचे आयुष्य पाच वर्षांचे असते, त्यानंतर तो बॉम्बसारखा फुटू शकतो, जुना गिझर दुप्पट वीज खातो, व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकू लागले, आवाज येऊ लागला किंवा बाहेरचा पत्रा गंजला की तो संपला असे समजावे, दुरुस्तीवर पैसे घालवू नयेत, आणि गॅस गिझरलाही हाच नियम लावावा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाही असेल. परंतु यातील बहुतेक विधानांत खरी भीती चुकीच्या कारणाला जोडलेली आहे, आणि त्यामुळे चांगले गिझर भंगारात जातात, तर धोकादायक गिझर केवळ ‘अजून नवा आहे’ म्हणून भिंतीवर राहतात.

पाच वर्षांचा आकडा बहुधा वॉरंटीतून आला असावा, कारण अनेक कंपन्या आतल्या टाकीवर पाच ते सात वर्षांची हमी देतात. हमी म्हणजे कंपनीने किती काळ खर्च सोसायचा याचा हिशेब. टाकी त्या दिवशी निकामी होते असा त्याचा अर्थ नव्हे. टाकीचे आयुष्य मुख्यतः पाण्यावर ठरते. बहुतेक स्टोरेज, म्हणजे टाकीत पाणी साठवून तापवणाऱ्या, गिझरची टाकी पोलादी पत्र्याची असते, तिला आतून काचेचा किंवा पॉलिमरचा लेप असतो, आणि लेपात कुठे बारीक भेग राहिलीच तर पोलादाऐवजी आधी झिजावा म्हणून आत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड बसवलेला असतो. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचे तुलनेने मृदू पाणी मिळणाऱ्या घरात हा रॉड पुष्कळ वर्षे टिकू शकतो. बोअरच्या किंवा टँकरच्या क्षारयुक्त पाण्यावर चालणाऱ्या घरात तो त्याच्या कितीतरी आधी संपतो, आणि तो संपल्यावर टाकी गंजू लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. या दोन टोकांवरच्या गिझरांना एकच वय लावणे म्हणजे वडाची आणि केळीची उमर एका मापाने मोजणे होय. कठीण पाणी असेल तर दर वर्ष-दोन वर्षांनी गिझर उघडून रॉड पाहावा आणि झिजला असेल तर बदलावा. हे काम नव्या गिझरच्या किमतीच्या मानाने फारच स्वस्तात होते, तरीही ते करून घेणारी घरे कमीच आढळतात.

आता फुटण्याविषयी, कारण मजकुराची सारी ताकद या एका शब्दात आहे. गिझर फुटू शकतो हे खरे आहे. मात्र त्यासाठी बिघाडांची एक साखळी जुळावी लागते. पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचले की थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो अडकला तर थर्मल कटआउट तोडतो. तोही निकामी झाला तर वाढलेला दाब बाहेर सोडण्यासाठी प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह असतो. हे तिन्ही अडथळे कोसळले तर बंद टाकीतील पाणी दाबाखाली १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही, आणि टाकी फाटताच दाब एकदम उतरून त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १६०० पट असल्याने स्फोटाचा जोर त्यातून येतो. या साखळीत गिझरच्या वयाला दुय्यम स्थान आहे. खरा प्रश्न व्हॉल्व्ह मोकळा आहे की नाही हा आहे, आणि तो अनेकदा मुद्दाम बंद केलेला असतो. ठिबकते म्हणून तक्रार होते, प्लंबर त्या जागी प्लग ठोकतो, ठिबकणे थांबते आणि सगळे समाधानी होतात. असा गिझर दोन वर्षांचा असला तरी धोकादायक आहे, आणि चालू व्हॉल्व्ह असलेला बारा वर्षांचा गिझर त्याच्यापेक्षा निश्चित सुरक्षित आहे.

म्हणूनच ‘व्हॉल्व्ह ठिबकला की गिझर संपला’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापवले की ते सुमारे दीड टक्क्याने प्रसरण पावते. १५ लिटरच्या गिझरमध्ये हे वाढलेले पाणी पाव लिटरच्या आसपास भरते. येणाऱ्या नळावर पाणी उलटे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असेल तर या पाण्याला रिलीफ व्हॉल्व्हखेरीज वाट नसते. तापताना थोडे ठिबकणे आणि तापून झाल्यावर थांबणे ही व्हॉल्व्ह काम करीत असल्याची खूण आहे. गिझर बंद असतानाही धार लागत असेल तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकला आहे किंवा इमारतीतील दाब जास्त आहे. पाण्याच्या टाकीपासून दर १० मीटर खाली आल्यावर सुमारे १ बार दाब वाढतो, हे उंच इमारतींच्या खालच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी गिझरवर छापलेल्या दाबाशी ताडून पाहावे.

दुप्पट विजेचे विधान साध्या गणितापुढे टिकत नाही. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यासाठी सुमारे ०.७ युनिट लागते आणि २००० वॅटच्या कॉइलला त्यासाठी २१ मिनिटांच्या जवळपास वेळ लागतो. कॉइल जुनी झाली म्हणून हा हिशेब बदलत नाही, कारण तिच्यात शिरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी पाण्यातच उतरते. तिच्यावर क्षार चढला तर ती स्वतः जास्त तापते आणि लवकर जळते. हा खर्च कॉइलचा आहे, विजेचा नव्हे. जुन्या गिझरमध्ये खरोखर वाया जाते ती आवरणातून निसटणारी उष्णता. गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात ती बिलात दिसेल आणि तेथे नव्या जास्त तारांकित गिझरचा उपयोगही होईल. अंघोळीपुरता अर्धा तास लावणाऱ्या घरात मात्र ती क्षुल्लक आहे. पाणी तापायला जास्त वेळ लागत असल्यास आधी व्होल्टेज मोजावे. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळत असतील तर तीच कॉइल सुमारे तीन चतुर्थांश शक्तीने चालते आणि २१ मिनिटांचे काम २८ मिनिटांवर जाते. हा दोष गिझर बदलून जाणार नाही.

खदखद किंवा सूं असा आवाज बहुधा कॉइलवरच्या क्षाराचा असतो. कॉइल काढून साफ केली की तो थांबतो, मात्र टाकीत तीव्र आम्ल ओतू देऊ नये. बाहेरच्या पत्र्याचा गंज कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने लवकर येतो, आणि आतल्या टाकीशी त्याचा संबंध असेलच असे नाही. भिंतीतील बोल्ट आणि पट्ट्या तेवढ्या तपासाव्यात, कारण २५ लिटरच्या गिझरमध्ये नुसत्या पाण्याचेच वजन २५ किलो असते. पाण्याचा झटका बसत असेल तर गिझर तत्काळ बंद करून अर्थिंग आणि कॉइल दोन्ही तपासून घ्यावी. बिघडलेल्या अर्थिंगवर नवा गिझर बसवला तर धोका जागेवरच राहतो.

मग बदलावा केव्हा? आतली टाकी गळू लागली की विनाविलंब. व्हॉल्व्ह आणि जोड कोरडे असूनही खालच्या झाकणातून पाणी येत असेल आणि कॉइल टाकीला बसवणाऱ्या चकतीची (फ्लँजची) रिंग बदलूनही थांबत नसेल, तर ती गळती टाकीची समजावी. अशा टाकीला वेल्डिंग करून घेणे व्यर्थ आहे, कारण त्या उष्णतेने भोवतालचा लेप जळतो आणि शेजारीच नवे भोक पडते; दुरुस्तीवर पैसे घालवू नका हा सल्ला येथे मजकुराशी जुळतो. फक्त गरम नळाला तांबूस पाणी येणे ही दुसरी खूण, पण जुन्या इमारतीत लोखंडी पाइपही तेच करतात, म्हणून पाणी थेट गिझरच्या तोंडाशी काढून पाहावे. सुटे भाग मिळेनासे झालेला किंवा रिलीफ व्हॉल्व्ह बसवण्याची सोयच नसलेला गिझरही काढून टाकावा.

गॅस गिझरच्या बाबतीत हा मजकूर प्रत्यक्ष जीवावर बेतू शकतो. तेथे जीव जातो तो अपुऱ्या हवेत गॅस जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमुळे. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि बंद न्हाणीघरात अंघोळ करणाऱ्या माणसाला गुंगी येण्यापूर्वी काही कळतही नाही. झरोका नसलेल्या न्हाणीघरात काल बसवलेला कोरा करकरीत गॅस गिझरही हेच करू शकतो. ज्यांच्याकडे तो आत बसवला आहे त्यांनी वय न पाहता तो बाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत हलवावा आणि न्हाणीघरात फक्त गरम पाण्याचा पाइप आणावा; तोवर तो पेटवू नये.