ऋण काढून रूळ

अभिनंदन! तुम्ही आफ्रिकेतल्या एका होतकरू देशाचे अर्थमंत्री झाला आहात आणि राष्ट्राध्यक्षांना निवडणुकीआधी रेल्वे हवी आहे. तिजोरीत खडखडाट आहे, त्याची चिंता नको. केनियाने मोम्बासा बंदर ते राजधानी नैरोबी अशी नवी रेल्वे बांधून हा धडा आधीच गिरवून ठेवला आहे, तो समोर ठेवा.

सुरुवातीला जुनी रेल्वे भंगार ठरवा. ब्रिटिशांनी १८९६ मध्ये मोम्बासाहून मीटरगेज टाकायला घेतली. त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले आणि त्यातले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. शंभर वर्षांनंतरही ती रडतखडत चालत होती. तीच दुरुस्त करणे सर्वांत परवडेल, असे जागतिक बँकेने २०१३ मध्ये सांगितले. असला अहवाल आला की ‘पाश्चात्त्यांना आमचा विकास बघवत नाही’ असे ठणकावून म्हणावे. ते पुष्कळदा खरेही असते, म्हणून तर खपते.

निविदेच्या फंदात पडू नका. चिनी कंत्राटदार कंपनी व्यवहार्यतेचा अभ्यास स्वखर्चाने करून देते, आणि मार्ग व्यवहार्य असल्याचे तिला आढळते. नवरदेवाकडूनच पत्रिका जुळवून घ्यावी, तसे हे. ओकिया ओम्ताता यांच्यासारखा कोणी चिवट कार्यकर्ता २०१४ मध्ये कोर्टात जाईल, जाऊ द्या. निविदेविना दिलेले कंत्राट बेकायदा होते, असा अपील न्यायालयाचा निकाल जून २०२० मध्ये लागला. तोवर गाडी सुरू होऊन तीन वर्षे झाली होती.

आता कर्ज. चीनच्या एक्झिम बँकेकडून २०१४ मध्ये दोन कर्जे घेतली गेली, प्रत्येकी साधारण १६० कोटी डॉलरची. एक सवलतीचे: २ टक्के व्याज, २० वर्षे मुदत, पहिली ७ वर्षे मुद्दल नाही. दुसरे व्यापारी: लायबॉर (लंडनच्या बँकांचा आपसातला बदलता व्याजदर) अधिक ३.६ टक्के, १५ वर्षे मुदत, पहिली ५ वर्षे मुद्दल नाही. भाषणात पहिलेच सांगा. केनियात राष्ट्राध्यक्षाची कारकीर्दही ५ वर्षांचीच असते, तेव्हा दुसऱ्याचे हप्ते कोणाच्या गळ्यात पडायचे ते पंचांग न बघता कळते. सही करताना लायबॉर अर्ध्या टक्क्याच्या आत होता, २०२३ पर्यंत तो पाचच्या वर गेला. डॉलर ८७ शिलिंगांचा होता, जानेवारी २०२४ मध्ये १६०चा झाला. रेल्वेची कमाई शिलिंगात, हप्ता तेव्हा डॉलरमध्ये. हा फरक मंत्रिमंडळात कोणी विचारलाच, तर चहा मागवा.

करारात गुप्ततेचे कलम हवेच. वाद झाला तर कायदा चीनचा आणि लवाद बीजिंगचा. हे कागद नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने थोडेबहुत बाहेर काढले. तोवर ‘मोम्बासा बंदर गहाण पडले’ ही अफवा जोरात होती. असल्या अफवेचा मनापासून प्रतिवाद करू नये, तिचा उपयोगच होतो. लोक बंदराच्या तारणावर भांडत बसतात, आणि खरे जाचक कलम कोणी वाचत नाही: बंदराने रेल्वेला ठरावीक माल पुरवायचा, कमी पडला तर फरकाचे पैसे भरायचे.

माल कमी पडणारच. कंटेनर नैरोबीच्या एम्बाकासी डेपोत उतरला की गोदामापर्यंत पुन्हा ट्रक लागतो. त्याचे भाडे वेगळे, चढउतार वेगळी. ट्रक तर बंदरातून थेट दारात येतो. म्हणून व्यापाऱ्यांना विचारू नका, सगळा माल रेल्वेनेच न्यायचा असा हुकूम काढा. मोम्बासाचे ट्रकवाले रस्त्यावर येतील, हुकूम स्थगित होईल, पुन्हा निघेल. २०२२ मध्ये विल्यम रुटो यांनी राष्ट्राध्यक्ष होताच तो मोडीत काढला. प्रवाशांचे मात्र बरे चालले आहे, गाड्या भरलेल्या असतात. स्टेशने दोन्ही शहरांबाहेर, स्योकिमाउ आणि मिरितिनीला आहेत, तेवढे चालायचेच. उद्घाटन ३१ मे २०१७ ला झाले, मतदान ऑगस्टमध्ये होते. एवढ्या वेळापत्रकात कुठलीही रेल्वे बसते.

पुढचा टप्पा युगांडाच्या सीमेपर्यंत जाईल असे जाहीर करा. तो नैवाशाजवळ सुस्वाच्या माळरानावर थांबला, कारण बीजिंगने पुढचे पैसे दिले नाहीत. सीमा तिथून साडेतीनशे किलोमीटरवर राहिली.

हप्ते सुरू झाले की एकाच सावकारावर विसंबू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये केनियाने ९.७५ टक्के व्याजाने १५० कोटी डॉलरचे रोखे विकले. कशासाठी? २०१४ चे रोखे फेडायला. मग वॉशिंग्टनचा नाणेनिधी येतो आणि कर वाढवा म्हणतो. वित्त विधेयकात पावावर १६ टक्के व्हॅट घालून बघा. तो मागे घेतलात तरी फार उपयोग नाही: २५ जूनला तरुण पोरे संसदेत घुसली, पोलिसांनी गोळ्या घातल्या, दुसऱ्या दिवशी विधेयकही गेले. या पोरांना चीनही नको होता आणि वॉशिंग्टनही. सही कोणी केली आणि कागद कुठे आहे, एवढेच ती विचारत होती. अशांसाठी माझ्याकडे सल्ला नाही.

रेल्वेने हात पोळले असतील तर विमानतळ घ्या. त्याला आपल्याकडचे पाहुणेही येतात. नैरोबीचा विमानतळ ३० वर्षांसाठी अदानी समूहाला देण्याचा १८५ कोटी डॉलरचा प्रस्ताव असाच निविदेविना चालला होता. जुलै २०२४ मध्ये तो फुटला. ११ सप्टेंबरला विमानतळाच्या कामगारांनी संप केला आणि उड्डाणे खोळंबली. अमेरिकेत समूहाच्या प्रमुखांवर आरोपपत्र आल्यावर २१ नोव्हेंबरला रुटो यांनी प्रस्ताव रद्द केल्याचे संसदेत जाहीर केले, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तुम्ही मात्र फाइल पुढे सरकवण्याआधी सामान चढवणाऱ्या हमालांना आठवडाभर भरपगारी रजा द्या.